खेळाडूच्या मनाचे दुखणे

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांमध्ये एका क्रीडाशिक्षकांचे पत्र आहे. त्यांच्या शाळेतील नववीची एक मुलगी ८०० मीटर धावते. जिल्ह्यात पहिली, विभागात पहिली, आता राज्यस्तरासाठी निवड झालेली. सर लिहितात, "डॉक्टरसाहेब, शर्यतीच्या आठ दिवस आधीपासून तिची झोप उडते. शर्यतीच्या दिवशी सकाळी हमखास उलटी होते. या खेपेस तर ती मला म्हणाली, सर, मला पळायचेच नाही. तिचे वडील म्हणतात, नाटकं आहेत, लक्ष देऊ नका. तरी एखादे ताकदीचे टॉनिक सुचवावे. मोठमोठ्या खेळाडूंना असले काही होत नसणार. त्यांची मने पोलादी असतात. आमचीच पोरे का कच्ची पडतात?"

पत्र कळकळीने लिहिलेले आहे. आपल्या विद्यार्थिनीची एवढी काळजी करणारे शिक्षक लाभणे हे त्या मुलीचे भाग्यच. पण पत्रातील शेवटची तीन वाक्ये मात्र खरी नाहीत, आणि हा समज एकट्या सरांचा नाही. पारावर, तालमीत, एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे तो ऐकू येतो. म्हणून आजचा लेख या विषयावर. टॉनिकचे म्हणाल तर मनाला ताकद देणारे टॉनिक अजून कोणत्याही कंपनीने काढलेले नाही. बाटलीवर काहीही छापलेले असो.

मोठ्यांनाही होते

सचिन तेंडुलकरपासून सुरुवात करू. २०२१ साली त्याने जाहीरपणे सांगितले की, कारकिर्दीतील दहा-बारा वर्षे सामन्याच्या आधी त्याला चिंता ग्रासून टाकायची. कित्येक रात्री झोप लागायची नाही. ज्याची फलंदाजी पाहण्यासाठी दुकानदार दुकान अर्धे ओढून टीव्हीसमोर बसायचे, तो माणूस आदल्या रात्री जागा असायचा! पुढे त्याने काय केले, तेही त्याने सांगितले आहे. झोप न येणे हा आपल्या तयारीचाच एक भाग आहे असे त्याने मानून घेतले आणि तिच्याशी झगडणे सोडले. स्वतःचा चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बॅग भरायची. हाताला ओळखीचे काम द्यायचे. मानसोपचारातली पुस्तके वाचून जे सांगावे तेच त्याने स्वतःच्या अनुभवातून शोधून काढले होते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. सामना संपल्यावर ही मुलगी पत्रकारांसमोर ढसाढसा रडली. स्पर्धेत मध्येच तिला एका सामन्यातून वगळले होते. त्या साऱ्या दिवसांत आपण चिंतेने बेजार होतो, रोज रडत होतो, आईला फोन करून नुसते रडत होतो, असे तिने सांगितले. जिंकल्यानंतर सांगितले, हे महत्त्वाचे. हरल्यावर सांगितले असते तर लोकांनी त्याला सबब म्हटले असते.

तिच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपल्या सांगलीची स्मृती मानधना सरावाच्या वेळी नेटजवळ येऊन नुसती उभी राहायची. बोलायची नाही, समजूत घालायची नाही. आपण जवळ असल्याने जेमिमाला बरे वाटते एवढे तिला ठाऊक होते. खचलेल्या माणसाशी काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही, म्हणून आपण त्याला टाळतो किंवा उगाच उपदेश करतो. इथे उपदेश नव्हता, फक्त सोबत होती.

कुणाला वाटेल, ही दोन-चार माणसांची गोष्ट आहे. तसे नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ साली अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचे एक मोठे निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी, निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून केलेला एक अभ्यासही छापून आला. त्यानुसार खेळत असलेल्या अव्वल खेळाडूंपैकी सुमारे ३४ टक्के खेळाडूंमध्ये चिंतेची वा नैराश्याची लक्षणे दिसली, निवृत्त झालेल्यांमध्ये सुमारे २६ टक्के. लक्षणे असणे म्हणजे प्रत्येकाला आजारच आहे असे नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरीही दर तिघांत एक, हे प्रमाण थोडेथोडके नाही. पोलादी मनाची कल्पना या आकड्यापुढे टिकत नाही.

पोटात गोळा येतो म्हणजे काय होते?

आता त्या मुलीच्या उलटीविषयी. शर्यत जवळ आली की मेंदू शरीराला सावध करतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात येते. छातीत धडधड वाढते, श्वास जलद होतो, रक्त स्नायूंकडे वळते. पोटाकडचे रक्त कमी होते, पचन मंदावते. म्हणून मळमळ, उलटी, पोटात गुडगुड, सारखी लघवीला लागणे. धावण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. त्यात नाटक नाही आणि भित्रेपणाही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक मिळवल्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अंतिम फेरीच्या दिवशी पोटात नुसती कालवाकालव होती, काही खाल्ले नाही, बिनदुधाचा चहा घेऊन रेंजवर आलो, असे त्याने नंतर सांगितले. रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या या मुलाने पोटातला गोळा घेऊनच नेम धरला. तो गोळा जाण्याची वाट पाहिली असती तर नेम धरायचा राहिलाच असता.

तेव्हा सरांनी एवढे करून पाहावे. शर्यतीच्या तीन तास आधी हलके खाणे द्यावे, पोहे किंवा भाकरी-दूध, रोजचेच काहीतरी. त्या दिवशी नवा पदार्थ, नवे बूट, नवा सल्ला नको. मैदानावर लवकर न्यावे, पण गर्दीत बसवू नये. श्वास सावकाश घ्यायला आणि त्याहून सावकाश सोडायला शिकवावे, आणि हे शर्यतीच्या सकाळी नव्हे तर रोजच्या सरावात महिनाभर आधीपासून. आणि "घाबरू नकोस" असे म्हणू नये. आजवर कुणाचीही भीती या वाक्याने गेलेली नाही. "पोटात होतंय ना, होऊ दे, मोठ्यामोठ्यांना होतं" असे म्हणावे. ते खरेही आहे.

मात्र "मला पळायचेच नाही" हे वाक्य वेगळे आहे. ते उलटीच्या खात्यात टाकून चालणार नाही. शर्यत संपल्यावर धडधड थांबली, मुलगी हसली-खेळली, तर काळजी नाही. पण शर्यत नसतानाही झोप नाही, जेवणावरची वासना उडाली, एरवी आवडणाऱ्या मैत्रिणी-गाणी-सिनेमा नकोसे झाले, विनाकारण रडू येते किंवा चिडचिड होते, आपण कुचकामी आहोत असे बोलणे सुरू झाले, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकले, तर तो दुखण्याचा प्रकार समजावा. खेळाडूंमध्ये आणखी काही खुणा दिसतात. सराव तेवढाच, पण वेळ खराब होत जाते. छोट्या दुखापती एकामागून एक होतात. सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके रोजच्यापेक्षा सतत वाढलेले असतात. प्रशिक्षकांनी वहीत वेळेबरोबर झोपेचे तास आणि सकाळची नाडी लिहायची सवय लावली तर या गोष्टी आपल्याला पुष्कळ आधी कळतील. खर्च शून्य.

उपाशी पोटाचे नैराश्य

इथे एक डॉक्टर म्हणून मला जरा सविस्तर बोलायचे आहे. मनाचे दुखणे म्हणून जे येते, त्यात शरीराचे दुखणे किती मिसळलेले असते हे आम्हाला दवाखान्यात रोज दिसते.

काही वर्षांपूर्वी कबड्डी खेळणारी एक मुलगी आईबरोबर आली. तक्रार अशी की ती आळशी झाली, सरावाला जायचे म्हटले की रडते, कुणाशी बोलत नाही. वजन आटोक्यात ठेवायचे म्हणून रात्रीचे जेवण तिने कधीच सोडून दिले होते. पाळी पाच महिने आलेली नव्हती. आई म्हणाली, "खेळणाऱ्या पोरींचं असंच असतं म्हणे." तपासणीत हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघाले. लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण, काही आठवडे सराव बंद. तीन महिन्यांनी ती वेगळीच मुलगी दिसत होती. सगळ्यांचे इतके सोपे नसते, पण रक्ताची ही साधी तपासणी केल्याशिवाय मुलीला मनाने कमजोर ठरवणे योग्य नाही. थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांचीही गरजेप्रमाणे तपासणी करावी. आणि सगळ्या आयांनी, प्रशिक्षकांनी हे लिहून ठेवावे: सलग तीन महिने पाळी न येणे ही चांगल्या सरावाची खूण नाही. खाल्लेले अन्न आणि खर्च होणारी शक्ती यांचा मेळ बसत नसल्याची ती सूचना आहे. हाडे ठिसूळ होतात, दुखापती वाढतात आणि मनही खचते.

भुकेने माणसाच्या मनाचे काय होते याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. वजन पाव हिश्श्याने उतरले. पण त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ही आनंदी, समजूतदार मुले चिडखोर, उदास, एकलकोंडी झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार. मुळात मनाचा कोणताही आजार नसलेली ही माणसे होती. आपल्या तालमींतून वजनी गटात बसण्यासाठी पोरे दोन-दोन दिवस पाणी तोडतात, घोंगडी पांघरून उन्हात पळतात. त्यानंतर ती भडकली, भांडली की आपण त्याला मस्ती म्हणतो.

विनेश फोगाटचे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी तिने पॅरिसमध्ये एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या, त्यात जपानची युई सुसाकीही होती, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर हरलेलीच नव्हती. रात्री वजन वाढलेले. मग रात्रभर झोप नाही, अन्न नाही, पाणी नाही. सायकल, दोरीच्या उड्या, घाम काढण्याची गरम खोली. केससुद्धा कापले. सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढतीतून ती बाद झाली. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला. नियम बरोबर की चूक हा वाद खेळ जाणणाऱ्यांनी घालावा. मला त्या रात्रीचे शरीर दिसते. पाणी आटलेल्या, जागलेल्या, उपाशी शरीरात मन शांत राहील अशी अपेक्षा कोणत्या शास्त्राच्या आधारे करायची?

जिंकल्यानंतरची पोकळी

हरल्यावर माणूस खचतो हे सर्वांना समजते. जिंकल्यावर खचतो, हे सांगितले तर लोक हसतात. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये भारतासाठी पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. आपल्या आयुष्यातला मनाचा सर्वांत कठीण काळ त्या यशानंतर आला, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. लहानपणापासून एकच ध्येय. सकाळी उठायचे ते त्यासाठी, जेवायचे ते त्यासाठी. एके दिवशी ते हाती आले आणि दुसऱ्या दिवशी उठायचे कशासाठी, हेच कळेना. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स, २८ ऑलिम्पिक पदकांचा धनी, त्यानेही प्रत्येक ऑलिम्पिकनंतर आपण नैराश्यात गेल्याचे सांगितले आहे. २०१४ साली त्याने उपचार घेतले आणि २०१६ साली रिओला जाऊन पाच सुवर्णपदके आणली. उपचार घेतल्याने खेळ संपतो असे मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे काय होते? पोरगा पदक घेऊन आला की उघड्या जीपमधून मिरवणूक, चौकात फ्लेक्स, सात मंडळांचे सात सत्कार, शाल आणि श्रीफळ. (एका कुस्तीगिराच्या घरी मी शालींचा ढीग पाहिला आहे. त्याला त्या वेळी बुटांची गरज होती.) पंधरा दिवसांनी फ्लेक्सवर दुसऱ्याचा वाढदिवस येतो. त्यानंतरचे दोन-तीन महिने घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे असतात. मुलगा खोलीत पडून राहतो का, दारूकडे वळतो का, सरावाला जाऊन नुसता बसून येतो का. तेव्हा त्याला लगेच पुढच्या स्पर्धेचे वेळापत्रक दाखवू नये. थोडे दिवस शेतावर, दुकानावर, मित्रांत रमू द्यावे.

दुखापत आणि निवृत्ती यांच्या बाबतीतही हेच. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या खेळाडूचा गुडघा सगळे विचारतात. सहा-नऊ महिने मैदान सुटल्यावर त्याचे दिवस कसे जातात, हे कुणी विचारत नाही. त्याला संघाबरोबर बसू द्यावे, गुण लिहायला द्यावेत, लहान मुलांना शिकवायला सांगावे. नाते तुटू देऊ नये.

थांबणे म्हणजे पळून जाणे नव्हे

अमेरिकेच्या सिमोन बाइल्सची गोष्ट प्रत्येक व्यायामशिक्षकाने मुलांना सांगावी अशी आहे. २७ जुलै २०२१ रोजी टोकियोत जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी होती. व्हॉल्टवरून उडी मारताना हवेत अडीच फिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाली. ती बाहेर पडली आणि पुढच्या बऱ्याच प्रकारांतून तिने माघार घेतली. जिम्नॅस्ट मंडळी ज्याला ट्विस्टीज म्हणतात ते तिला झाले होते. हवेत असताना आपण कुठे आहोत, जमीन कोणत्या बाजूला आहे, याचे भानच शरीराला राहत नाही. अशा अवस्थेत मानेवर पडले तर जन्माचे अपंगत्व. तरी जगभर तिला भित्री म्हणणारे निघाले. गुडघ्याची शीर तुटलेली असती तर हेच लोक तिला फुले घेऊन भेटायला गेले असते. आठवडाभराने, ३ ऑगस्टला, फिरक्यांची अवघड उतरण टाळून ती बॅलन्स बीमवर उतरली आणि कांस्यपदक घेऊन गेली. पुढे तिने रीतसर समुपदेशन घेतले, दोन वर्षे स्पर्धांपासून दूर राहिली आणि २०२४ साली पॅरिसला तीन सुवर्ण, एक रौप्य मिळवले. सांघिक अंतिम फेरीच्या दिवशी सकाळीही ती आपल्या समुपदेशकाशी बोलून आली होती. आपण दंडाला तेल लावून आखाड्यात उतरतो ना, तितक्याच सहजपणे.

थांबू देणे आपल्याकडे का जमत नाही, त्यालाही कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. कोरडवाहू दोन एकरांच्या बापाला मुलीच्या पायांत पोलिसातली नोकरी दिसते, घराचा स्लॅब दिसतो. त्याला दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण घराचा सगळा भार चौदा वर्षांच्या पायांवर आहे, हे त्या पायांनाही कळत असते, हे बापाने जाणावे. हरून आलेल्या मुलीला मोटारसायकलवर मागे बसवून गावापर्यंत चुका मोजून दाखवणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. तरी घरी येईपर्यंतचा रस्ता खेळाविना जाऊ द्यावा. पहिला प्रश्न "कितवी आलीस?" हा नको, "जेवलीस का?" हा असावा. चुका दुसऱ्या दिवशी सर सांगतील, ते त्यांचे काम आहे.

आणखी एक गोष्ट, अवघड आहे पण लिहितो. कालपर्यंत धावत मैदानावर जाणारे मूल एकाएकी जायचे नाही म्हणू लागले, विशिष्ट माणसाचे नाव निघताच गप्प झाले, तर आळस समजू नये, नाटक तर मुळीच नाही. एकांतात, आईने किंवा विश्वासातल्या बाईंनी, शांतपणे विचारावे आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. मारहाण, घाणेरडे बोलणे, नको तिथे हात लावणे हे खेळातही घडते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आहे आणि अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पत्र लिहिणाऱ्या सरांच्या विद्यार्थिनीचे असे काही असेल असे मी म्हणत नाही. पण "पळायचेच नाही" या वाक्यामागे काय आहे हे विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तिच्या वडिलांनीही विचारलेले पत्रात दिसत नाही.

गोळ्यांविषयी

मनाच्या दुखण्यावर औषधे आहेत आणि ती गुणकारी आहेत. नैराश्यावर सर्रास दिली जाणारी औषधे उत्तेजकांच्या प्रतिबंधित यादीत नाहीत. त्यामुळे डोपिंगच्या भीतीने उपचार टाळू नयेत. पण काही गोळ्यांबाबत फार सावध राहिले पाहिजे. धडधड आणि हाताची थरथर कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी आम्ही डॉक्टर परीक्षेला घाबरणाऱ्यांना, अर्धशिशीच्या रुग्णांना नेहमी देतो. नेमबाजी आणि तिरंदाजीत मात्र तिला बंदी आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. २००८ साली बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदके याच गोळीपायी काढून घेतली गेली. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर "मी स्पर्धेत खेळतो, अमुक खेळ खेळतो" हे पहिल्या वाक्यात सांगावे. काही औषधे खरोखर आवश्यक असतील तर आधी अर्ज करून परवानगी घेण्याची सोय असते.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत, मित्राच्या चिठ्ठीवर तर नाहीच. आणि जिममध्ये "ताकदीचे" म्हणून टोचली जाणारी स्टिरॉइड इंजेक्शने मनाचे दुहेरी नुकसान करतात. चालू असताना राग आवरत नाही, बंद केल्यावर माणूस खोल नैराश्यात जाऊ शकतो. नेमक्या त्याच वेळी तो घरच्यांना खरे सांगत नाही, कारण इंजेक्शनेच लपून घेतलेली असतात.

कुणाकडे जायचे, हा प्रश्न उरतो. मोठ्या संघांना आता मनाचे प्रशिक्षक असतात. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर पॅडी अप्टन होते, पुढे आपल्या हॉकी संघाबरोबरही. तालुक्याच्या गावी असा माणूस कुठून आणायचा? सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. रक्त तपासून, शरीराचे दुखणे वेगळे काढून ते पुढे पाठवतील. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ असतात आणि केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही.

मरणाची भाषा निघाली तर मात्र वेळ घालवू नये. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशकाची बाटली आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. येताना आधीचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पावडरींचे डबे आणि सरावाची वही बरोबर आणावी. प्रशिक्षक सोबत आले तर उत्तम. मात्र तपासणीच्या वेळी त्यांनी थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसावे.